ॲव्होच्या काचेखालचं कुंकू

बेळगावात, शहापूरच्या घरी, मामांच्या कपाटावर वीज मोजायचा एक काळा मीटर ठेवलेला आहे. बेकलाइटची पेटी, वर कातड्याचा पट्टा, वजन तीन किलोच्या आसपास. काचेच्या कडेला जिथं फ्रेम बसते त्या खाचेत कुंकू साचलंय. वरच्या थरातलं लाल, त्याखालचं तपकिरी, आणि अगदी तळाचं काळं पडलेलं. पन्नासएक खंडेनवमींचं कुंकू आहे ते. दरवर्षी मामी फडकं मारायच्या, पण खाचेतलं काढायला टाचणी घेऊन कोण बसणार?

मामांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद झालं तेव्हा बाकी सगळं भंगारात किलोवर गेलं. व्हॉल्व्हचे, म्हणजे रेडिओतल्या काचेच्या नळ्यांचे खोके, आयएफटीच्या कॉइलींचे डबे, स्टेशन लावायचे गँग कंडेन्सर, न नेलेले रेडिओ, सगळं. त्या जागेत आता मोबाइलची कव्हरं विकतात. मीटर तेवढा घरी आला. माझ्या माहितीतली निपाणी-चिकोडीकडची अशी आणखी तीन दुकानं बंद झाली, आणि त्यातल्या दोघांच्या घरी हेच घडलं. ज्याच्यावर पोट चालायचं तो रेडिओ, पण तो गेला त्याचं कुणाला काही नाही. घरी आला तो त्याची नाडी बघणारा मीटर. असं का, ते समजायला थोडं मागं जावं लागतं.

हा मीटर म्हणजे ॲव्हो. अँपिअर, व्होल्ट, ओहम या तिघांच्या इंग्रजी आद्याक्षरांचं ते नाव. डोनाल्ड मॅकडी हे ब्रिटिश पोस्ट खात्यात इंजिनिअर होते. टेलिफोनच्या लाइनी तपासताना करंटसाठी एक, व्होल्टेजसाठी दुसरा, रेझिस्टन्ससाठी तिसरा असे मीटर वागवायचा त्यांना कंटाळा आला, म्हणून तिन्ही एकाच पेटीत बसवायची युक्ती त्यांनी काढली. १९२३ साली पहिला ॲव्होमीटर बाजारात आला. मामांचा आहे तो मॉडेल ८, ते निघालं १९५१ मध्ये. सुधारणा होत होत हेच मॉडेल २००८ पर्यंत बनत राहिलं. मोजायच्या एखाद्या यंत्राला एवढं आयुष्य क्वचितच मिळतं.

आत मात्र जुनीच कल्पना. फ्रान्समध्ये दार्सोनव्हाल यांनी १८८२ मध्ये लोहचुंबकाच्या मध्ये लटकणारी तारेची गुंडाळी वापरून गॅल्व्हानोमीटर केला. अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी १८८८ च्या सुमाराला तो उचलून नेता येईल असा केला. केसासारखी स्प्रिंग, टोकदार आस, आणि ती आस फिरते ते रत्नाचे खडे. म्हणजे निम्मं काम घड्याळाचंच. आमच्याकडे ते शब्दशः खरं ठरलं. एकदा मामांच्या हातून मीटर बाकावरून पडला आणि काटा मधेच अडकायला लागला. मामांनी तो पिशवीत घालून खडेबाजारात एका घड्याळजीकडे नेला. घड्याळजीनं डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि म्हणाला, "ह्ये तर आमचंच काम हाय की!" चिमट्यानं स्प्रिंग सरळ केली, काटा सुटला. पैसे घेतले नाहीत, त्याचा ट्रान्झिस्टर मामांनी फुकट करून दिला.

हा मीटर मामांकडे आला कुठून, याच्या घरात तीन गोष्टी चालतात. तिन्ही सांगायला हव्यात, कारण सीमाभागातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या मीटरची गोष्ट या तिघींपैकी एक असते.

पहिली सांबऱ्याची. बेळगावजवळच्या सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली बांधलेली. नंतर तिथं हवाई दलाचं एअरमेन ट्रेनिंग स्कूल आलं, आणि गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहेच. लष्करी मालाचे लिलाव हा बेळगावकरांच्या जिव्हाळ्याचा विषय. ब्लँकेटापासून जीपच्या सुट्या भागांपर्यंत सगळं 'मिलिटरीचं' म्हणून विकलं जाई, आणि त्यात खरं किती ते विकणाऱ्यालाच ठाऊक. मामी ठासून सांगतात की हा मीटर 'युद्धातला' आहे, विमानाचा रेडिओ याच्यावर तपासलेला आहे. मी एकदा हिशेब मांडला: मॉडेल ८ निघालं १९५१ ला, युद्ध संपलं १९४५ ला. मामी म्हणाल्या, "असू दे की गा. तुला काय करायचंय एवढा हिशेब?"

दुसरी गोव्याची. पोर्तुगीज अमलात, विशेषतः १९५० नंतरच्या दहा वर्षांत, गोव्याच्या बाजारात परदेशी माल सहज मिळे आणि इकडं त्याचं दुर्भिक्ष. घड्याळं, पेनं, रेडिओ घाटानं वर येत. कॅसलरॉकला कस्टमची तपासणी, पण घाट काय एकच आहे? डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही तिथल्या दुकानांत जुना माल काही काळ निघत राहिला. मामांचे थोरले भाऊ सांगायचे की मीटर चोर्ला घाटातून काजूच्या पोत्यात आला. हे सांगताना ते आवाज खाली आणायचे. साठ वर्षांपूर्वीच्या मीटरसाठी अजून कोणी धाड घालणार असल्यासारखा!

तिसरी सगळ्यात नीरस, म्हणून बहुधा खरी. १९५७ च्या सुमाराला देशात परकीय चलनाची चणचण झाली आणि आयातीवरची बंधनं आवळली गेली. पुढं १९९१ पर्यंत परदेशी उपकरण घ्यायचं तर लायसन्स, कोटा, नाहीतर ओळख. उरलेला एक रस्ता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जात होता. बेळगावहून मीटरगेजच्या गाडीनं मिरज, मिरजेला गाडी बदलून मुंबई, आणि तिथं दुकानं पालथी घालून कुणाचा तरी वापरलेला मीटर. मामा तसे दोन वेळा गेले होते, एवढं नक्की. दुसऱ्या वेळी मामींच्या पाटल्या घरात नव्हत्या, हेही नक्की. त्या पुढं सोडवून आणल्या. पण मामी युद्धाचीच गोष्ट का धरून बसतात, ते मला या तिसऱ्या गोष्टीवरून कळतं.

देशी मीटर नव्हते असं नाही. मोटवाने यांचे मल्टिमीटर नाशिकरोडला बनत. या घराण्यानं सिंधमध्ये सक्करला १९०९ साली धंदा सुरू केला. 'शिकागो रेडिओ' या नावानं काँग्रेसच्या अधिवेशनांना लाउडस्पीकर पुरवले ते हेच लोक. टीव्हीमुळं घरोघर पोचलेली बीपीएल १९६३ मध्ये केरळात पालक्काडला सुरू झाली ती पॅनेलवर बसवायचे मीटर बनवायला. बीपी म्हणजे 'ब्रिटिश फिजिकल' हे माझ्या पिढीतल्या कितीजणांना माहीत असेल कोण जाणे. जपानी सानवाचा मीटर पुढं हाताहातांत दिसू लागला. हे सगळे हलके, सुटसुटीत. तरी दुकानात ॲव्हो असणं म्हणजे वजन. गिऱ्हाईक आत आलं की त्याची नजर आधी मीटरवर जायची. बोर्ड कुठल्या भाषेत आहे ते नंतर.

त्यात दिखावाच होता असंही नाही. मॉडेल ८ ची डीसीवरची संवेदनशीलता व्होल्टला २०,००० ओहम. कमी संवेदनशील मीटर व्हॉल्व्हच्या सर्किटला जोडला की तो स्वतःच करंट ओढतो, आणि व्होल्टेज आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. शिवाय जुन्या ब्रिटिश रेडिओंच्या सर्व्हिस शीटवर जे व्होल्टेज छापलेले असत, ते कुठल्या मीटरनं मोजले तेही खाली लिहिलेलं असे, आणि बऱ्याचदा तो ॲव्होच असे. म्हणजे ॲव्होनं मोजलं तर आकडा कागदाशी जुळणार. आजचा डिजिटल मीटर जास्त खरा आकडा सांगतो, आणि नेमका म्हणून कागदाशी जुळत नाही. जुन्या सेटच्या बाबतीत खोटं बोलायचं तर दोघांनी एकसारखं बोलायला हवं.

मी सुट्टीत निपाणीहून यायचो ते ऐंशीच्या दशकात. रेडिओला पोस्टातून लायसन्स काढावं लागे तो जमाना नुकताच संपत होता. मामा मला बाकाशेजारी बसवायचे आणि एकच सांगायचे, "काटा बघ, आकडा नको बघू." कंडेन्सरला प्रोब लावले की काटा उजवीकडं उडायचा आणि हळूहळू परत यायचा. किती उडाला, किती वेळात परतला, पूर्ण परतला का, यावर कंडेन्सर चांगला, सुकलेला की लीक हे ठरायचं. अर्धवट वाटेत थबकला की मामा काही न बोलता कात्रीनं कंडेन्सरचे पाय कापायचे. ओहमची पट्टी उलटी, शून्य उजवीकडं आणि अनंत डावीकडं, हे मला शाळेच्या पट्टीनंतर फार चमत्कारिक वाटायचं. आणि कधी चुकून रेंज लहान राहिली आणि जास्त करंट शिरला की कट-आउटचं बटण 'खट्ट' करून वर यायचं. मीटर वाचला. ते बटण परत दाबायचा मान माझा. डावीकडची मोठी फिरकी डीसीची, उजवीकडची एसीची. एक दुसरीच्या हवाली केल्याशिवाय दुसरी चालत नाही, हे मामा सासू-सुनेचं उदाहरण देऊन सांगायचे. मामी आतून ऐकत असत.

रेडिओ जुळवायला ठरावीक फ्रिक्वेन्सीचा सिग्नल देणारा सिग्नल जनरेटर मामांकडे नव्हता. त्याची जागा दोन आकाशवाण्यांनी घेतली होती. धारवाड ७६५ किलोहर्ट्झवर, म्हणजे मीडियम वेव्हच्या खालच्या टोकाकडं. सांगली १२५१ वर, वरच्या बाजूला. आयएफ, म्हणजे रेडिओच्या आतली ठरावीक फ्रिक्वेन्सी, ४५५ ला जमली की धारवाडवर पॅडर लावायचा, सांगलीवर ट्रिमर (दोन्ही स्क्रूनं फिरवायचे बारके कंडेन्सर), मग पुन्हा धारवाड, पुन्हा सांगली, दोन्ही जागच्या जागी येईपर्यंत. एक फिरवलं की दुसरं थोडं सरकतंच. कन्नड बातम्या आणि मराठी भावगीत यांच्यामध्ये मामांचा स्क्रूड्रायव्हर तासभर फिरत असे, आणि ॲव्होचा काटा आउटपुटवर लावलेला. जिथं काटा सगळ्यात वर, तिथं लाखेचा थेंब. सीमाप्रश्नावर मामा मोर्च्याला जात, पण धारवाड लागत नसलेला रेडिओ त्यांनी कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिला नाही.

सीआरओला, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला, मात्र आमच्याकडं हे प्रेम मिळालं नाही. खरं तर इतिहास त्याचा जास्त देखणा. फर्डिनांड ब्राउन यांची कॅथोड-रे नळी १८९७ ची. अमेरिकेत १९४६ साली सुरू झालेल्या टेक्ट्रॉनिक्सनं पुढच्याच वर्षी ट्रिगर होणारा स्कोप आणला आणि पडद्यावरची लाट एका जागी उभी राहिली. भारतात ठाण्याच्या ॲपलॅबनं सीआरओ बनवले. बेळगावात ते होते इंजिनिअरिंग कॉलेजात आणि पॉलिटेक्निकात. हिरवी लाट पहिल्यांदा स्थिर झालेली बघताना अंगावर काटा येतो, हे मीही अनुभवलंय. पण त्या सीआरओच्या कडेला पांढऱ्या रंगात डेडस्टॉक, म्हणजे मालमत्तेच्या नोंदीचा, नंबर असायचा. एका सीआरओभोवती सहा पोरं, दर सहामाहीला नवी सहा. निर्लेखन झालं की टेंपोत भरून गेला. निरोप द्यायला कोण येणार?

डीटी-८३० या पिवळ्या डिजिटल मीटरचंही तसंच, कारण वेगळं. दीड-दोनशे रुपयांत येतो, नऊ व्होल्टच्या सेलवर चालतो, आतली चिप बहुतेकदा काळ्या लाखेच्या गोळ्याखाली झाकलेली. बिघडला तर उघडून बघण्यात अर्थ नाही, आणि घड्याळजीकडं न्यावा असं त्यात काही हलतच नाही. माझ्याकडं असे आतापर्यंत पाच झाले असतील. त्यातला एकही आठवत नाही. ॲव्होची मात्र प्रत्येक दुरुस्ती आठवते, कारण दुसरा मिळणार नव्हता आणि हा दुरुस्त होत होता. या दोन्ही गोष्टी एकत्र असल्या की माणूस वस्तूशी बांधला जातो, असं मला वाटतं. नुसती टंचाई पुरत नाही. टंचाई रॉकेलचीही होती.

मामांचा एक नियम होता. खंडेनवमीला हत्यारं मांडायची ती चालू असलेलीच. बंद पडलेल्या हत्याराला कुंकू लावायचं नाही, आधी दुरुस्त करायचं. पक्कड घट्ट झाली असेल तर आदल्या दिवशी तेल, सोल्डरच्या टोकाला कानस. मामा गेल्यानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मामेभावानं मीटर पाटावर ठेवायला काढला, तर मोठ्या रेझिस्टन्सच्या रेंजवर काटा हलेना. त्या रेंजला आतला १५ व्होल्टचा सेल लागतो आणि तो आता बाजारात सहज मिळत नाही. मामेभाऊ शिक्षक, त्याचा हात कधी सोल्डरला लागलेला नाही. त्यानं मला फोन केला.

मी रात्री निपाणीहून निघालो. वाटेत रिमोटमध्ये घालतात तो १२ व्होल्टचा बारका सेल घेतला आणि दीड व्होल्टचे दोन बटण सेल. बारा आणि तीन, पंधरा. मागचं झाकण उघडलं, तर सेलच्या कप्प्यात मामांनीही तेच केलेलं होतं. फक्त त्यांनी दहा बटण सेल सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात एकावर एक भरले होते, आणि ट्यूबवर बॉलपेननं 'दसरा' लिहून सालाचा आकडा घातला होता. तो पुसला गेलाय. मी सेल बदलले, ट्यूब तीच ठेवली. प्रोब एकमेकांना टेकवले, काटा उजवीकडं गेला आणि शून्याच्या जरा अलीकडं थांबला. छोट्या फिरकीनं शून्यावर आणला. मामी दारात उभ्या होत्या.

"लागला?"

"लागला."

त्या कुंकवाचा करंडा आणायला आत गेल्या.