मटणाच्या पाटीवर नेमकं काय लिहावं?

जानेवारी 2021 मध्ये दक्षिण दिल्ली महानगरपालिकेने एक ठराव मंजूर केला. हद्दीतल्या हॉटेलांनी आणि मटणाच्या दुकानांनी आपल्याकडचं मांस हलाल आहे की झटका (म्हणजे एका घावात मान तोडलेलं), याची पाटी लावावी, असा तो ठराव. त्याआधी मे 2014 मध्ये ब्रिटनमध्ये याच विषयावर मोठा गदारोळ झाला होता. पिझ्झा एक्सप्रेस या साखळीतली सगळी कोंबडी हलाल असते आणि मेनूकार्डावर मात्र त्याचा उल्लेख नसतो, अशी बातमी तिथल्या एका वृत्तपत्राने पहिल्या पानावर छापली. माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर होती. पण जेवायला बसलेला माणूस मेनूकार्ड बघून मागवतो, संकेतस्थळ उघडून नव्हे. त्यामुळे लोकांना आपल्यापासून काहीतरी लपवलं गेलं असं वाटलं, आणि ते वाटणं चुकीचं नव्हतं.

त्या गदारोळात एक तपशील मागे पडला. त्या कोंबड्या कापण्याआधी बेशुद्ध केलेल्या होत्या. म्हणजे जनावराच्या दृष्टीने बघितलं तर ‘हलाल’ या शब्दाने जे चित्र डोळ्यांपुढे उभं राहत होतं, ते तिथे घडलेलंच नव्हतं.

आपण काय खातो ते गिऱ्हाइकाला कळलंच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका असतोच. मटणाबाबत तेवढा प्रामाणिकपणा मागण्यात काही गैर नाही. प्रश्न आहे तो पाटीवर लिहायचं काय हा. ‘हलाल’ आणि ‘झटका’ हे शब्द कापणारा कोण, त्याने काय म्हटलं, सुरी कुठून फिरवली हे सांगतात. सुरी फिरली तेव्हा जनावर शुद्धीवर होतं का, हे त्यातला एकही शब्द सांगत नाही. आणि विज्ञानाला या विषयात जे काही ठामपणे बोलता येतं, ते जवळजवळ सगळं या एका प्रश्नाभोवती आहे.

हलाल आणि ज्यू लोकांची शेहिता, या दोन्ही पद्धतींत गळ्याच्या पुढच्या बाजूने धारदार सुरी फिरवतात. श्वासनलिका, अन्ननलिका आणि दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या एकदम कापल्या जातात. मेंदूचा रक्तदाब कोसळतो आणि शुद्ध हरपते. किती वेळात हरपते, हे मात्र जनावरावर अवलंबून आहे. मेंढीच्या मेंदूला होणारा रक्तपुरवठा मुख्यतः गळ्यातल्या कॅरोटिड धमन्यांतून होतो. त्या कापल्या की मेंदू लवकर बंद पडतो. गाय-म्हैस-बैलांचं तसं नाही. त्यांच्या मानेच्या मणक्यांमधून जाणाऱ्या धमन्याही मेंदूला रक्त पोचवतात, आणि हाडांच्या आड असल्यामुळे त्या सुरीपासून वाचतात. त्यात आणखी एक भर पडते. कापलेल्या कॅरोटिडचं टोक कधीकधी आपल्या आवरणात मागे सरकतं, तिथे रक्त साकळतं आणि वाहणं थांबतं. मग मणक्यांमधली धमनी मेंदूला रक्त देत राहते आणि जनावर लवकर बेशुद्ध होत नाही. ब्रिटिश संशोधक नेव्हिल ग्रेगरी यांनी गुरांमधल्या या गुठळ्यांचा बारकाईने अभ्यास केला. मानेवर थोडं वर, पहिल्या मणक्याच्या पातळीवर काप घेतला तर त्या कमी होतात, असंही दिसून आलं.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2004 साली तोवरचं संशोधन एकत्र करून आकडे मांडले. आधी बेशुद्ध न करता कापलं तर शुद्ध हरपायला मेंढीला 20 सेकंदांपर्यंत, गुरांना 2 मिनिटांपर्यंत आणि कोंबड्यांना अडीच मिनिटं किंवा त्याहून जास्तही लागू शकतात. ही वरची टोकं आहेत, पुष्कळ जनावरं याहून बरीच लवकर कोसळतात. ब्रिटिश कायद्यातही हे उतरलं आहे. बेशुद्ध न करता कापलेल्या मेंढीला किंवा शेळीला 20 सेकंद आणि गुराला 30 सेकंद जागचं हलवायचं नाही, असा तिथला नियम आहे. 30 सेकंद ऐकायला थोडे वाटतात. मी एकदा घड्याळ समोर ठेवून ते मोजून बघितले, आणि मग मला ते थोडे वाटेनात.

या वेळात दुखतं का? जनावराला विचारता येत नाही, म्हणून संशोधक मेंदूच्या विद्युतलहरींकडे वळले. 1978 मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये विल्हेल्म शुल्त्झे यांच्या गटाने मेंढ्या आणि वासरांवर प्रयोग केले. नीट धार लावलेल्या सुरीने कापल्यावर त्यांच्या ईईजीत, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या आलेखात, वेदनेची स्पष्ट खूण दिसली नाही. हलालच्या बाजूने बोलणारे आजही याच प्रयोगाचा दाखला देतात. त्यात तुलनेसाठी जनावरं बेशुद्ध करायला वापरलेल्या बोल्ट पिस्तुलाच्या परिणामकारकतेबद्दल मात्र पुढे शंका घेतल्या गेल्या. त्यानंतर तीस वर्षांनी न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठात क्रेग जॉन्सन आणि ट्रॉय गिब्सन यांनी वेगळी वाट काढली. वासरांना आधी हलकी भूल द्यायची, म्हणजे त्यांना प्रत्यक्ष वेदना होणार नाही, पण मेंदू वेदनेच्या संदेशाला जसा प्रतिसाद देतो तो लहरींच्या विश्लेषणात पकडता येईल. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष स्पष्ट आहेत. गळा कापल्यावर वेदनेला साजेसा प्रतिसाद लहरींत उमटला. तो मुख्यतः मानेचे स्नायू-मज्जातंतू कापले गेल्यामुळे होता, नुसता रक्तपुरवठा तुटल्यामुळे नव्हे. कापल्यानंतर लगेच डोक्यावर बोल्टचा आघात केला तेव्हा तो प्रतिसाद थांबला. मला या विषयातला हा सगळ्यात वजनदार पुरावा वाटतो.

टेंपल ग्रँडिन यांचं निरीक्षण मात्र याच्याशेजारी ठेवायला हवं. अमेरिकेतल्या या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर कत्तलखान्यांत उभं राहून जनावरांचं वागणं टिपलं. कसलेल्या शोहेताने, म्हणजे ज्यू धर्मविधीने कापणाऱ्या माणसाने, खाच नसलेली लांब सुरी एका हिसक्यात फिरवली तर बैल जेमतेम हलतो, असं त्या सांगतात. त्यांच्या मते खरा छळ बऱ्याचदा त्याआधीच सुरू होतो. शुद्धीवरचं जनावर एका मागच्या पायाला साखळी बांधून उलटं टांगणं, आडवं पाडून दाबून धरणं, बोथट सुरीने पुन्हा पुन्हा कापणं, हे त्या काप घेण्यापेक्षा वाईट मानतात. आपल्याकडच्या कुठल्याही बाजारात दुचाकीच्या हँडलला पायांनी बांधून उलट्या लटकवलेल्या कोंबड्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे समजावून सांगायला नको.

आता बेशुद्ध करण्याच्या पद्धतींकडे वळू. गुरांसाठी कॅप्टिव्ह बोल्ट पिस्तूल असतं. त्यातून गोळी सुटत नाही, पोलादी दांडा कपाळावर आदळून परत आत जातो. मेंढीच्या डोक्यातून वीज सोडतात. युरोपीय नियमांप्रमाणे मेंढी-शेळीला किमान 1 अँपियर, मोठ्या गुराला 1.28 अँपियर. या विजेने अपस्माराच्या झटक्यासारखी अवस्था येते आणि शुद्ध क्षणात जाते. फक्त डोक्यातून वीज गेली तर हृदय चालू राहतं. जनावर कापलंच नाही तर ते थोड्या वेळात पुन्हा उठून उभं राहतं.

हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. इस्लामी विधीत जनावर कापताना जिवंत असावं लागतं. बेशुद्ध पण जिवंत, ही अवस्था अनेक धर्मपंडितांना मान्य आहे. न्यूझीलंडमध्ये हलाल कोकरंही अशीच आधी बेशुद्ध करून कापतात, आणि ते मटण जगभर जातं. मलेशियाच्या हलाल मानकातही ठरावीक पद्धतीच्या बेशुद्धीला जागा आहे. ब्रिटनमध्ये हलाल फूड ऑथॉरिटी ही संस्था ती मान्य करते, तर हलाल मॉनिटरिंग कमिटी करत नाही. दोघींचाही शिक्का ‘हलाल’च. मग लंडनच्या हॉटेलात पाटीवर नुसतं ‘हलाल’ लिहून गिऱ्हाइकाला त्या जनावराबद्दल नेमकं काय कळलं?

रक्ताचा मुद्दा आपल्याकडे नेहमी निघतो. बेशुद्ध केलं की रक्त नीट वाहत नाही, असं कुणी सांगतं. हलाल केलं की जनावर भीतीने विषारी द्रव्यं सोडतं आणि ती मटणात उतरतात, असे संदेश दुसऱ्या बाजूने फिरत असतात. ब्रिस्टलमध्ये हलुक अनिल आणि सहकाऱ्यांनी मेंढ्या आणि गुरं, दोन्हींचं वाहिलेलं रक्त तोलून बघितलं. बेशुद्ध केलेल्या आणि न केलेल्या जनावरांत लक्षणीय फरक आढळला नाही. कुठल्याही पद्धतीने कापा, जवळपास निम्मं रक्त अवयवांतच राहतं. मटण धुताना जे लाल पाणी निघतं, त्याचा रंग मुख्यतः मायोग्लोबिनचा असतो. हे स्नायूंतलं प्रथिन आहे, रक्त नव्हे.

‘विषारी द्रव्यां’च्या गोष्टीत तथ्याचा एक कण आहे, पण तो भलत्याच जागी चिकटवला गेला आहे. जनावर कापण्याच्या आधी तासन्‌तास घाबरलेलं, थकलेलं, उपाशी असेल तर स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा संपतो. कापल्यावर याच ग्लायकोजेनचं लॅक्टिक आम्ल होतं आणि मांसाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) सुमारे 7 वरून साडेपाचाच्या आसपास येतो. साठा संपला असेल तर सामू चढा राहतो, मांस गडद, कडक दिसतं आणि लवकर खराब होतं. ट्रकमधला प्रवास आणि गोठ्यातले हाल यांचा हा हिशेब आहे. शेवटच्या काही सेकंदांत कोणता मंत्र म्हटला, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

ब्रिटनमध्ये लेबलची मागणी करणाऱ्यांकडे एक फार सबळ मुद्दा आहे. ज्यू धर्मनियमांप्रमाणे मागच्या पायातली मोठी नस काढल्याशिवाय तो भाग खाता येत नाही. ती काढणं इतकं किचकट आहे की तिथे मागचा भाग बहुधा काढून सर्वसाधारण बाजारात विकला जातो. त्यावर कसलंही लेबल नसतं. म्हणजे बेशुद्ध न करता कापलेल्या जनावराचं मांस नको असं ठरवलेल्या माणसाच्या ताटातही ते नकळत येऊ शकतं. त्याच्या निवडीचा हक्क इथे खरोखरच डावलला जातो.

उलट बाजूही तितकीच खरी. डुक्कर हलालही नसतं आणि कोशरही (म्हणजे ज्यू धर्मनियमांत बसणारंही) नसतं. ब्रिटनमधली बहुतांश डुकरं कार्बन डायऑक्साइडच्या दाट वायूत उतरवून बेशुद्ध करतात. हा वायू नाकातोंडाच्या ओल्या त्वचेला झोंबतो, श्वास कोंडतो, आणि शुद्ध जाईपर्यंत डुकरं धडपडतात. तिथल्याच शेतप्राणी कल्याण परिषदेने 2003 मध्ये ही पद्धत बंद करत न्यावी, असं सुचवलं होतं. याच अहवालात बेशुद्ध न करता कापायला असलेली धार्मिक सूट रद्द करावी, असंही म्हटलं होतं. चर्चा दुसऱ्या शिफारशीचीच होत राहिली. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर डुकराचं मांस का येत नाही, याचा विचार करायला हवा.

कारण या प्रश्नाला एक काळा इतिहास आहे. स्वित्झर्लंडने 1893 मध्ये सार्वमताने बेशुद्ध न करता कापण्यावर बंदी आणली. त्यामागे प्राण्यांची कणव होती, तसा ज्यूद्वेषही होता. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यावर एप्रिल 1933 मध्येच असा कायदा झाला, आणि त्यामागचा हेतू सांगायची गरज नाही. म्हणून धर्माचं नाव लिहिलेल्या पाटीची मला धास्ती वाटते. ती माहिती देते म्हणतात, पण तिच्या आधारे लोक दुकानदाराला निवडतात किंवा टाळतात.

युरोपीय न्यायालयाने 26 फेब्रुवारी 2019 रोजी जो निकाल दिला, तो मला योग्य दिशेचा वाटतो. बेशुद्ध न करता कापलेल्या जनावराच्या मांसावर युरोपीय संघाचं सेंद्रिय चिन्ह लावता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. कारण त्या चिन्हात प्राणिकल्याणाची वरची पातळी गृहीत धरलेली आहे. आधी बेशुद्ध करून कापलेल्या हलाल मांसाला त्या निकालाने दार बंद केलं नाही. कसोटी जनावराच्या शुद्धीची लावली. पाटीलाही हीच कसोटी लावावी. ‘बेशुद्ध करून कापलेलं’ किंवा ‘बेशुद्ध न करता कापलेलं’, आणि बेशुद्ध केलं असेल तर वीज, बोल्ट की वायू. ज्याला धर्मासाठी हलाल, कोशर किंवा झटका हवं, त्याच्यासाठी तो शिक्का स्वतंत्र असू द्या.

महाराष्ट्रात हा विषय मार्च 2025 मध्ये ‘मल्हार’ प्रमाणपत्राच्या निमित्ताने आला. झटका मटणाच्या दुकानांसाठी ते काढलं गेलं. दिल्लीच्या ठरावात हलाल खाणं हिंदू आणि शीख धर्मात निषिद्ध असल्याचं म्हटलं होतं. शिखांच्या ‘रहित मर्यादा’ या आचारसंहितेत तसा नियम आहेच. पण आपल्या गावगाड्यात मुलाणी हा मुसलमान असूनही गावच्या हक्काचा माणूस होता. बकरं कापायला, जत्रेतसुद्धा, त्यालाच बोलावलं जाई आणि तेच मटण मराठा घरांत शिजत असे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

झटक्याने वेदना होतच नाही, असंही म्हणता येत नाही. मान एका घावात तुटली तरी मेंदूतल्या लहरी काही सेकंद चालू राहतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. वेळ कमी लागतो, आणि घाव अचूक असेल तर हा फरक मोठा आहे. घाव चुकला तर मात्र जनावराचे हाल होतात. पिस्तुलाचंही तेच. म्हणूनच ग्रँडिन यांच्या तपासणीत शंभरातली किमान 95 गुरं पहिल्याच आघातात बेशुद्ध व्हावी लागतात.

आपल्याकडच्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 28 धार्मिक पद्धतीने मारण्याला सूट देतं. दुसरीकडे 2011 च्या खाद्यसुरक्षा नियमांत, जनावर आधी बेशुद्ध करून मग रक्त वाहू द्यावं, असं लिहिलेलं आहे आणि त्याचे प्रकारही दिले आहेत. रविवारी सकाळी पिशवी घेऊन चिकनच्या दुकानासमोर उभं राहिलं की यातलं काहीच दिसत नाही. जाळीच्या पिंजऱ्यात एकमेकींवर दाटलेल्या कोंबड्या, त्यातली एक पंख धरून बाहेर काढलेली, सुरी, आणि मग निळ्या ड्रममध्ये होणारी फडफड. माझ्या रस्त्यावर अशी दोन दुकानं आहेत. एकावर हलाल लिहिलं आहे, दुसऱ्यावर झटका. कापण्याआधी तिला बेशुद्ध करता का, असं मी दोन्हीकडे विचारलं. दोघांनीही मान हलवून नाही म्हटलं.