दूरसंचार कंपनीचे बोधचिन्ह आणि डोळ्याचा निवाडा

नागपुरातल्या एखाद्या जुन्या मोबाइल ग्राहकाने आपला क्रमांक कधीच बदलला नसला, तरी त्याच्या कंपनीचे नाव आणि रंग मात्र त्याला न विचारता बदलत गेलेले असतात. मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून मोबाइल परवान्याचे जे परिमंडळ होते, त्यात १९९७ मध्ये सेवा सुरू करणाऱ्या बिर्ला एटी अँड टीचे ग्राहक २००२ मध्ये आयडियाचे झाले. तिथल्याच बीपीएल या दुसऱ्या कंपनीचे ग्राहक आधी हचकडे आणि सप्टेंबर २००७ मध्ये व्होडाफोनकडे गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये हे दोन्ही प्रवाह एकाच कंपनीत मिसळले आणि ७ सप्टेंबर २०२० रोजी ‘व्हीआय’ या नावाखाली व्होडाफोनचा लाल व आयडियाचा पिवळा शेजारी शेजारी येऊन बसले. इतवारीतल्या एखाद्या जुन्या रिचार्ज दुकानाचे शटर खरवडले, तर या इतिहासाचे थर एकाखाली एक निघावेत.

हे बदल अर्थातच मालकी बदलल्यामुळे झाले. तरीही चिन्ह साधे असावे की नक्षीदार, रंग कोणता घ्यावा आणि रेषा किती जाड ठेवावी, याचा शेवटचा निवाडा संचालक मंडळ करत नाही. तो पाहणाऱ्याचा डोळा करतो. दूरसंचार व्यवसायात तर या निवाड्याला अधिकच महत्त्व आहे, कारण इथे विकली जाणारी वस्तू दिसतच नाही. ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते, तर आपला डोळा ढोबळमानाने ४०० ते ७०० नॅनोमीटर एवढ्याच पट्ट्यातल्या लहरी टिपतो. दोन्ही विद्युतचुंबकीय लहरीच. पण एक दिसते आणि दुसरी दिसत नाही. साबणाची वडी हातात घेता येते, सिग्नल घेता येत नाही. त्यामुळे ग्राहकाच्या नजरेला कंपनी म्हणून जे पडते, ते जवळजवळ सगळे त्या चिन्हातच असते.

या दृष्टीने अमेरिकेतल्या एटी अँड टीचा प्रवास पाहण्याजोगा आहे. १८८९ मध्ये अँगस हिबार्ड या कंपनीच्या अधिकाऱ्याने निळ्या घंटेचे चिन्ह तयार केले, ते दूर अंतरावरचे दूरध्वनी जिथून करता येतात ती ठिकाणे लोकांना ओळखू यावीत म्हणून. घंटेच्या पोटात तसे शब्दही लिहिलेले होते, कारण पाटी जवळ उभे राहून वाचली जाणार होती. पुढच्या आठ दशकांत त्या घंटेची अनेकदा डागडुजी झाली आणि अक्षरे हळूहळू गळत गेली. १९६९ मध्ये सॉल बास या आरेखनकाराने उरलेसुरले सारे काढून टाकले, तेव्हा वर्तुळातली जाड रेषांची घंटा तेवढी राहिली. पुढे न्यायालयीन तडजोडीनुसार १ जानेवारी १९८४ पासून कंपनीचे विभाजन झाले, घंटा प्रादेशिक कंपन्यांच्या वाट्याला गेली आणि मूळ कंपनीसाठी बास यांनीच आडव्या निळ्या पट्ट्यांचा गोल काढला.

हा गोल म्हणजे दृष्टिविज्ञानाचा एक सुंदर नमुना आहे. त्यात कुठेही छटा नाही, फक्त निळा आणि पांढरा. पण पट्टी जिथे बारीक होते तिथे पांढऱ्याचा वाटा वाढतो, तो भाग उजळल्यासारखा वाटतो, आणि सपाट कागदावर उजेड पडलेला चेंडू उभा राहतो. छायाप्रकाशावरून उंचसखलपणा ओळखण्याची ही सवय मेंदूत इतकी मुरलेली आहे की, प्रकाश वरूनच येतो असे तो न सांगता गृहीत धरतो. मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे फार नेटकेपणाने दाखवले होते. अडचण एवढीच की बारीक पट्ट्या लहान आकारात एकमेकींत मिसळतात. म्हणून पुढे पट्ट्यांची संख्या कमी करून त्या जाड करण्यात आल्या. २००५ मध्ये एसबीसी कंपनीने एटी अँड टी विकत घेऊन तिचेच नाव धारण केले, तेव्हा गोल पारदर्शक, चकचकीत आणि त्रिमितीय झाला. माझ्या मते ती पीछेहाट होती, कारण जे काम डोळा आपणहून करत होता तेच संगणकाकडून रंगवून घेतले गेले. दहा वर्षांनी कंपनीही सपाट गोलाकडे परतली.

डोळ्याची ही मर्यादा आकड्यांत मांडता येते. निकोप डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा कोन लागतो. अक्षर ओळखायला सुमारे पाच कला लागतात. वर्धा मार्गावर २०० मीटरवरून एखादे होर्डिंग वाचता यावे असे वाटत असेल, तर हिशेबाने अक्षराची उंची किमान २९ सेंटिमीटर आणि त्यातल्या रेषेची जाडी ६ सेंटिमीटरच्या आसपास हवी. ताशी ५० किलोमीटर वेगाने हे अंतर १४ सेकंदांत संपते, आणि त्यातले एखाद-दोन सेकंदही चालकाने फलकाला देऊ नयेत. मोबाइल हातात ३० सेंटिमीटरवर धरला की एक कला म्हणजे मिलिमीटरचा अकरावा-बारावा भाग. तिथे डोळा कमी पडत नाही. कमी पडते ती जागा.

रंगाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांतल्या निळ्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी संख्येने फार थोड्या असतात आणि नजर जिथे नेमकी रोखली जाते त्या मध्यबिंदूत तर त्या नसतातच. पांढरा आणि पिवळा यांच्यातला फरक मुख्यतः याच पेशींच्या भरवशावर कळतो. म्हणूनच पांढऱ्यावर पिवळे अक्षर विरघळून जाते, आणि पिवळा घ्यायचाच असेल तर त्याला अक्षराचा रंग न करता मागची जमीन करून वर गडद अक्षरे लिहावी लागतात.

लाल दिवसा उठून दिसतो. व्होडाफोनने तो आधीपासून धरला होता आणि १८ नोव्हेंबर २०१० रोजी नवे चिन्ह आणताना एअरटेलनेही लालच ठेवला. पण दिवेलागणीला हाच रंग सर्वांत आधी काळवंडतो. उजेड कमी झाला की शंकुपेशींकडून काम दंडपेशींकडे जाते, आणि दंडपेशी लाल टोकाच्या प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या असतात. त्यांना सर्वांत चांगला दिसतो तो सुमारे ५०० नॅनोमीटरचा निळसर हिरवा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे नोंदवले होते. दिवा न लावलेला लाल फलक संध्याकाळी सातला काळा दिसतो, शेजारचा निळा मात्र अजून निळाच असतो.

नागपूरच्या उन्हाची तऱ्हा आणखी वेगळी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, पण फलकाचा रंग उडवतात ते मुख्यतः अतिनील आणि निळे किरण, उष्णता नव्हे. फ्लेक्सवर लाल रंग किरमिजी आणि पिवळी शाई एकावर एक छापून मिळवतात, आणि नेमक्या याच दोन शायांचे रेणू उन्हात लवकर तुटतात. निळसर शाईतले तांबेयुक्त थॅलोसायनिन हे रंगद्रव्य मात्र चिवट असते. वर्ष-दोन वर्षे दक्षिणेकडे तोंड करून उन्हात टांगलेला फलक जवळून पाहावा: माणसांचे चेहरे निळसर झालेले, लाल जाऊन फिकट गुलाबी उरलेला, काळी अक्षरे शाबूत. जिओसारख्या गडद निळ्या चिन्हातलाही किरमिजी अंश उडतो, पण उरतो तो आकाशी, आणि निळ्या कुळातच राहतो. लाल चिन्ह वापरणाऱ्यांना फलक वारंवार बदलण्याचा खर्च धरूनच चालावे लागते.

इतक्या वेळा पाहूनही चिन्ह आपल्याला पाठ असते का? २०१५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी ८५ विद्यार्थ्यांना अॅपलचे चिन्ह आठवून काढायला सांगितले, तेव्हा ते अगदी अचूक काढणारा एकच निघाला. आपण चिन्ह ओळखतो, पण त्याचा तपशील साठवत नाही. ओळखीमुळे पसंती वाढते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्क यांनी १९६८ मध्येच दाखवले होते. नव्या चिन्हावर पहिल्या आठवड्यात होणारा गदारोळ आणि पुढची शांतता, या दोहोंचा उलगडा यातून बराचसा होतो.

बीएसएनएलने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी आणलेले चिन्ह या कसोट्यांवर तपासून पाहावे. भगवे वर्तुळ लांबूनही ओळखू येते, तिथे निवड चोख आहे. आतला भारताचा नकाशा कार्यालयाच्या पाटीवर शोभतो. पण मोबाइलच्या पडद्यावर नखाएवढ्या चौकोनात किनारपट्टीची वळणे आणि ईशान्येकडचा अरुंद पट्टा टिकणे अवघड आहे. बास यांच्या पट्ट्यांप्रमाणे लहान आकारासाठी नकाशाची कमी तपशिलांची स्वतंत्र आवृत्ती केली, तर हा दोष सहज निघेल.