फ्रीवेने की हायवेने? मुंबईच्या पूर्वेचे दोन रस्ते

ठाण्याहून किंवा मुलुंडहून फोर्टला टॅक्सी केली की घाटकोपर येता येता चालक विचारतोच, "काका, फ्रीवेने घेऊ की सायनवरून?" पुष्कळांना पटकन उत्तर देता येत नाही. पूर्व मुक्त मार्ग (फ्रीवे) आणि पूर्व द्रुतगती महामार्ग (हायवे) ही एकाच रस्त्याची दोन नावं आहेत, अशी समजूत अजून बऱ्याच घरांत आहे. 'ईस्टर्न फ्रीवे जाम' असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरतो आणि कांजूरहून पवईला जाणारा माणूस उगाच धास्तावतो. जाम असतो शिवडीला, त्याच्या वाटेवर नसतोच. आता फ्रीवे ठाण्यापर्यंत वाढतोय, तोही हायवेच्याच डोक्यावरून, म्हणजे घोळ आणखी वाढणार.

आधी हायवे. तो सायनला सुरू होतो आणि चेंबूरचं अमर महल, छेडानगर, घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप, मुलुंड करत ठाण्यात शिरतो. तीन हात नाका, नितीन कंपनी, कॅडबरी आणि माजिवडा. लांबी साधारण साडेतेवीस किलोमीटर. माजिवड्याच्या पुढे तोच नाशिकचा रस्ता होतो. हायवे होण्याआधी ठाण्याकडची सगळी वाहतूक जुन्या आग्रा रोडवरून, म्हणजे आजच्या एलबीएस मार्गावरून, कुर्ला-घाटकोपरच्या बाजारातून जायची. हायवे रेल्वेच्या पूर्वेला, मिठागरांच्या कडेने काढला, कारण तेव्हा तिथे वस्ती विरळ होती. मग रस्ता आला म्हणून वस्ती आली. कन्नमवार नगर, टागोर नगर, पंतनगर, मुलुंड पूर्व या सगळ्यांना आज हायवे अंगणातला रस्ता आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुंबईत उड्डाणपूल बांधले गेले, त्यात या रस्त्यावरचे बरेच सिग्नल गेले. मोटारींची सोय झाली, पण पूल चढण्याचं कारण नसलेली माणसं खालीच राहिली.

फ्रीवेचा जन्मच वेगळ्या गरजेतून झाला. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने 1983 मध्ये मुंबई बेटाच्या पूर्वेला आणि पश्चिमेला एकेक मुक्त मार्ग सुचवला होता. पूर्वेकडचा प्रत्यक्षात यायला तीस वर्षं लागली. एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून पैसा मिळवून तो बांधला. जून 2013 मध्ये ऑरेंज गेट ते पांजरापोळ हा साडेतेरा किलोमीटरचा भाग उघडला आणि 2014 मध्ये घाटकोपरपर्यंतचा उरलेला तुकडा जोडला गेला. एकूण 16.8 किलोमीटर.

त्यातले पहिले सव्वानऊ किलोमीटर सलग उन्नत आहेत. पी. डी'मेलो रोडवर ऑरेंज गेटपाशी चढलात की एका हाताला बंदराची गोदामं, गंजक्या पत्र्यांची छपरं, मधूनच क्रेनचं टोक आणि दुसऱ्या हाताला हार्बर लाइनकडचं रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी. वडाळ्याच्या पुढे आणिकला रस्ता जमिनीवर येतो, भाभा अणुसंशोधन केंद्राजवळच्या टेकडीतल्या जुळ्या बोगद्यातून निघतो आणि देवनारच्या बाजूने घाटकोपरला हायवेला मिळतो. रस्ता मोकळा असेल तर चेंबूर ते सीएसएमटी वीस-पंचवीस मिनिटांत होतं. ज्यांनी दहा वर्षं लालबाग-परळच्या सिग्नलला काढली आहेत त्यांना या वीस मिनिटांची किंमत विचारावी.

खरा फरक लांबीचा किंवा उंचीचा नाही. हायवेवर जागोजागी शिरता येतं आणि जागोजागी उतरता येतं. बसथांबे आहेत, रिक्षा आहेत, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता (जेव्हीएलआर) आहे, ऐरोलीचा फाटा आहे. मधल्या कुठल्याही गावाला जाणारा माणूस त्यावर येतो. फ्रीवेला चढ-उतार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मधे सिग्नल नाही, थांबा नाही, चहाची टपरी नाही. ज्याला दक्षिण मुंबईतून थेट उपनगरात किंवा उलट जायचंय त्याच्यासाठीच तो आहे. परळच्या केईएमला किंवा टाटाला जायचं असेल तर फ्रीवे निवडू नका. फ्रीवेच्या नादाने लोक पार ऑरेंज गेटपर्यंत जातात आणि मागे उलटे येतात, हे मी नात्यातल्या शहाण्यासुरत्या माणसांकडूनही ऐकलंय. दादर, माटुंगा, लालबाग, भायखळा हा सगळा हायवे आणि त्याला सायनपुढे जोडून येणाऱ्या आंबेडकर रोडचा मुलूख.

दुचाकीवाल्यांसाठी तर प्रश्नच मिटतो. फ्रीवेवर दुचाकीला बंदी आहे, रिक्षालाही. तरी रात्री मोकळा रस्ता बघून पोरं वर घुसतात आणि त्यांच्या अपघातांच्या बातम्या येतात. कडेला थांबायला जागा नाही, वेगाने येणाऱ्या गाडीला चुकवायला वाव नाही. ज्यांच्या घरात मोटारसायकल आहे त्यांनी मुलांना हे स्पष्ट सांगायला हवं.

टोलचाही गोंधळ होतो. फ्रीवेवर टोल नाही. हायवेवर मुलुंड-ठाण्याच्या सीमेवरचा आनंदनगर नाका आहे, पण तिथेही ऑक्टोबर 2024 पासून मोटारींसारख्या हलक्या वाहनांना टोल माफ झालाय. टोल आहे तो शिवडीहून खाडीपलीकडे नवी मुंबईच्या बाजूला जाणाऱ्या अटल सेतूवर. जानेवारी 2024 मध्ये तो सुरू झाल्यापासून फ्रीवेवरून शिवडीला थेट सेतूवर जाता येतं. पाटी न वाचता चुकीची मार्गिका धरली तर थेट चिर्ल्याच्या दिशेने, खाडी ओलांडूनच थांबाल.

आता विस्ताराकडे. कागदोपत्री विलासराव देशमुख पूर्व मुक्त मार्ग म्हणतात तो छेडानगरपासून ठाण्याच्या आनंदनगरपर्यंत नेण्याचं काम एमएमआरडीएने हाती घेतलंय. सुमारे तेरा किलोमीटरचा सहा पदरी उन्नत रस्ता. त्याचे खांब हायवेच्या पट्ट्यात उभे राहणार. वर ठाणे-फोर्ट विनाथांबा आणि खाली जुना हायवे. पुढे आनंदनगर ते साकेत असाही उन्नत रस्ता आखलेला आहे.

ठाणेकर म्हणून मला हे हवंय, यात लपवण्यासारखं काही नाही. पण खालचा रस्ता विसरला जाईल ही भीतीही खरी आहे. विक्रोळीला संध्याकाळी उभं राहून बघा. घोड्यावर बसल्यासारख्या गाड्या सुटतात, दुभाजकाच्या फटीतून कन्नमवार नगरला जाणाऱ्या बायका पिशव्या सावरत पलीकडे जातात आणि बसथांब्यावर पावसात छत्रीला छत्री लागलेली असते. ही माणसं फ्रीवेवर कधीच चढणार नाहीत. खांबांसाठी मार्गिका अरुंद झाल्या, वर्षानुवर्षं पत्र्यांचे अडथळे राहिले तर पहिला भार त्यांच्यावर. पादचारी पूल आणि नीट थांबे हे त्याच कामाच्या खर्चात धरायला हवेत, पुढच्या कंत्राटावर ढकलता कामा नयेत.

झाडांचंही तसंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये विक्रोळीच्या पट्ट्यात हायवेकडेने गुलाबी फुलांचा जो बहर येतो, ती टॅबेबुया झाडं या कामात जाणार म्हणून नागरिकांनी आवाज उठवला आणि ती वाचवण्यासाठी एमएमआरडीएने आराखड्यात बदल जाहीर केला. बोलल्याने फरक पडतो, हे इथे दिसलं. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरचा प्रश्न त्याहून मोठा. मार्गाच्या आड येणाऱ्या घरांसह तिथल्या वस्तीचं पुनर्वसन एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून करणार आहेत. त्या घरांच्या चाव्या मिळण्याचा दिवस रस्त्याच्या उद्घाटनाइतकाच महत्त्वाचा आहे.

दुसऱ्या टोकालाही काम चालू आहे. सकाळी फ्रीवेवरून कितीही वेगाने या, ऑरेंज गेटला उतरताना गाड्या पी. डी'मेलो रोडवर एकमेकींना चिकटतात आणि मिळवलेला वेळ तिथेच जातो. म्हणून ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत नऊ किलोमीटरच्या आसपासचा मार्ग होतोय, त्यातला बहुतेक भाग जुळ्या बोगद्यांतून, मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या खालून. तो झाला की मुलुंडचा माणूस सिग्नल न लागता कोस्टल रोडला लागेल.

तोवर टॅक्सीवाल्याला द्यायचं उत्तर सोपं आहे. फोर्ट, मस्जिद, कुलाबा किंवा अटल सेतू असेल तर फ्रीवे. मधलं काहीही असेल तर सायनवरून. आणि खड्डा दिसला तर दोन्ही रस्त्यांसाठी तक्रार महापालिकेकडेच करा. फ्रीवे बांधून झाल्यावर तिच्याकडे गेला आणि मुंबईच्या हद्दीतला हायवेही 2022 च्या अखेरीस तिच्याकडे सोपवलाय.