ग्रंथाची विशेष आवृत्ती

नेहमीच्या विक्रीच्या प्रतींपेक्षा सरस कागद, बांधणी, छपाई आणि चित्रसजावट वापरून, बहुधा ठरावीक संख्येत काढलेल्या आवृत्तीला विशेष आवृत्ती किंवा डीलक्स आवृत्ती म्हणतात. अशी प्रत्येक आवृत्ती संग्राह्य असतेच असे नाही. वाढीव खर्च मजकुराची शुद्धता, चित्रांची छपाई आणि ग्रंथाचे आयुष्य यांवर झाला असेल तर ती जपून ठेवण्याजोगी ठरते. तो केवळ सोनेरी कडा, जाड पुठ्ठा आणि भारी पेटी यांवर झाला असेल तर पहिल्या मालकानंतर तिला सहसा कोणी विचारत नाही.

पहिली कसोटी मजकुराची होय, आणि पुण्यातील वाचकाला तिचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागू नये. येथील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून ठरवलेली संहिता, सिद्ध करताना १,२५९ हस्तलिखिते विचारात घेतली, वि. स. सुखटणकर यांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले आणि संपूर्ण संहितेचे काम १९६६ मध्ये तडीस गेले. पानाच्या वरच्या भागात संहिता आणि खाली पाठभेद अशी तिची मांडणी आहे. या कार्याला आर्थिक आधार देणारे औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते आणि प्राचीन नमुन्यांवरून काढलेल्या चित्रांसाठी त्यांचे नाव आदिपर्वाच्या नामपृष्ठावर छापले गेले. ही आवृत्ती हौशी संग्राहकांसाठी काढलेली नव्हती. तरीही संपादक, चित्रकार आणि मुद्रक यांनी एकाच ग्रंथाला किती द्यावे याचे मोजमाप म्हणून ती समोर ठेवण्यासारखी आहे. त्याउलट, ज्ञानेश्वरीची एखादी देखणी विशेष आवृत्ती एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेल्या परंपरेवर बेतलेली आहे की वि. का. राजवाडे यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रतीवर, हे तिच्या प्रस्तावनेत सांगितलेले नसेल, तर पानापानांवरच्या वेलबुट्टीने ती उणीव भरून निघत नाही.

दुसरी कसोटी कागदाची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद सर्रास वापरात आला. त्यातील लिग्निन हे द्रव्य आणि शाई फुटू नये म्हणून कागदाला देण्यात येणाऱ्या तुरटी व राळ यांच्या खळीमुळे निर्माण होणारे आम्ल यांमुळे असा कागद प्रथम पिवळा पडतो व पुढे दुमडताच तुटतो. म्हणून टिकाऊ आवृत्तीसाठी आम्लरहित कागद किंवा सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद वापरतात. पुण्याला या कारागिरीची जुनी ओळख आहे: कसबा पेठेतील कागदीपुरा हा भाग कागद करणाऱ्यांच्या वस्तीवरून ओळखला गेला आणि शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत १९४० पासून हाताने कागद करण्याचे काम चालत आले आहे. मात्र कागद नुसता जाड असून भागत नाही. जाड कागदाचे तंतू ग्रंथाच्या कण्याला समांतर नसतील तर पाने उघडी राहत नाहीत, आणि प्रत्येक वाचनात बांधणीवर ताण येतो. ही तपासणी दुकानात उभ्या उभ्या करता येते: ग्रंथ मधोमध उघडून टेबलावर ठेवावा, पाने सहज पसरली तर कागदाची दिशा योग्य आहे असे समजण्यास हरकत नाही.

बांधणीत फर्मे, म्हणजे छापील तावाला घड्या घालून केलेले पानांचे जुडगे, दोऱ्याने शिवलेले आहेत की नाही, हे सर्वांत आधी पाहावे. बांधणावळीचे कारागीर जिला जुजबंदी म्हणतात ती शिलाई असलेला ग्रंथ पुढे कणा खराब झाला तरी पुन्हा बांधता येतो. फर्म्यांच्या पाठी कापून पाने नुसत्या सरसाने चिकटवलेला ग्रंथ, बाहेरून कितीही श्रीमंती दिसो, काही वर्षांत पान पान सुटू लागतो, आणि त्याची दुरुस्ती करताना आतील समास कापला जातो. कातडी बांधणीबाबतही सावध राहणे आवश्यक आहे. बकऱ्याचे नीट कमावलेले कातडे पिढ्यान् पिढ्या टिकते. कातड्याचा चुरा रसायनात कालवून केलेले पत्रे मात्र कण्यापाशी भेगाळतात आणि त्यांचे पापुद्रे निघतात. माझ्या मते अशा नकली कातड्यापेक्षा साधे, घट्ट विणीचे कापड केव्हाही श्रेयस्कर.

चित्रांची परीक्षा भिंगाने करावी. आधुनिक ऑफसेट छपाईत रंगछटा बारीक ठिपक्यांच्या ठरावीक जाळीने साधलेल्या दिसतात; जुन्या शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे आणि तेथे अशी यांत्रिक जाळी आढळत नाही. पुण्यात १८७८ मध्ये सुरू झालेल्या चित्रशाळा छापखान्याची रंगीत चित्रे या पद्धतीमुळेच आजही ओळखू येतात. मुद्रणाच्या इतिहासात पुण्याचा संबंध याहूनही मागे जातो. नाना फडणवीसांच्या काळात येथे तांब्याच्या पत्र्यावर भगवद्गीता कोरून छापण्याचा प्रयत्न सुरू झाला आणि पेशवाईतील उलथापालथीनंतर १८०५ मध्ये ती मिरजेत छापली गेली. त्या गीतेचे मोल तिच्या सजावटीत नाही, ते देवनागरी मुद्रणाच्या आरंभकाळाचा पुरावा म्हणून आहे. संग्रहमूल्य आणि देखणेपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तिच्यावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कशाने होते.

प्रतींची मर्यादा हा विक्रेत्यांचा आवडता मुद्दा असला तरी ती मर्यादा कशातून आली हे महत्त्वाचे असते. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस यांनी १८९१ मध्ये सुरू केलेल्या केल्मस्कॉट मुद्रणालयाने १८९६ मध्ये जुना इंग्रज कवी चॉसर याचे समग्र साहित्य छापले. त्याच्या कागदावर ४२५ आणि चर्मपत्रावर अवघ्या १३ प्रती निघाल्या. एडवर्ड बर्न-जोन्स यांची ८७ चित्रे लाकडी ठशांवर कोरून त्यात घेतली होती. खास घडवलेले टाइप, हातकागद आणि हातयंत्र यांवर काम करताना प्रती आपोआपच थोड्या निघतात. भारतातील तोलामोलाचे उदाहरण म्हणजे राज्यघटनेची चित्रमय प्रत: प्रेमबिहारी नारायण रायजादा यांचे सुलेखन आणि नंदलाल बोस व त्यांच्या सहकाऱ्यांची सजावट असलेल्या मूळ हस्तलिखितावरून डेहराडूनच्या भारतीय सर्वेक्षण विभागाने सुमारे १,००० प्रती छापल्या. याउलट, यंत्रावर हव्या तितक्या प्रती निघू शकत असताना केवळ किंमत वाढवण्यासाठी आकडा ठरवला असेल आणि थोड्याच काळाने तोच मजकूर नव्या वेष्टणात पुन्हा ‘मर्यादित’ म्हणून आला असेल, तर त्या क्रमांकाला फारसा अर्थ उरत नाही. एकूण प्रती किती, मुद्रक व बांधणीकार कोण, कागद आणि टाइप कोणता, हे सांगणारे पान ग्रंथात असणे ही प्रामाणिक प्रकाशनाची खूण मानावी. लेखकाची किंवा चित्रकाराची स्वाक्षरी असल्यास ती हाताने केलेली आहे की छापलेली, हेही तेथेच तपासता येते.

मराठी ग्रंथांच्या बाबतीत आणखी एक सोय पुणेकर सूचीकार शंकर गणेश दाते यांनी करून ठेवली आहे. त्यांच्या मराठी ग्रंथसूचीचे दोन भाग अनुक्रमे १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या काळातील मुद्रित ग्रंथांची नोंद देतात. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात किंवा एखाद्या जुन्या वाड्यातील कपाटात हाती आलेल्या प्रतीचे वर्ष, आकार व पृष्ठसंख्या या सूचीशी ताडून पाहिल्याशिवाय ती दुर्मीळ असल्याचे मान्य करू नये.

पुण्याच्या हवेत अशा ग्रंथांची निगा राखणे हे चिकाटीचे काम आहे. एप्रिल-मे महिन्यांत कातडे व सरस सुकतात आणि जून ते सप्टेंबर या काळात हवेतील दमटपणा बुरशीला अनुकूल होतो. सापेक्ष आर्द्रता शक्यतो ६५ टक्क्यांच्या खाली राखावी आणि बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नये. पोथ्यांच्या रुमालात वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला ठेवण्याची रीत कसरीपासून बचावासाठी रूढ झाली. छापील विशेष आवृत्तीच्या पानांत मात्र पाला ठेवू नये, कारण त्याचे डाग कायमचे राहतात. ताठ पेटी धुळीपासून व प्रकाशापासून रक्षण करते, पण ती घट्ट असेल तर काढघाल करताना कडा झिजतात.

सार्वजनिक जतनासाठी १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यातील तरतूद लक्षात घेण्यासारखी आहे. प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यायची प्रत त्या ग्रंथाच्या उत्तम प्रतींप्रमाणे रंगवलेली, सर्व नकाशे व चित्रे असलेली आणि छपाईत वापरलेल्या सर्वांत चांगल्या कागदावरची असली पाहिजे, असे हा कायदा सांगतो. मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह इतर ग्रंथालयांना मात्र बहुसंख्य प्रती ज्या कागदावर छापल्या त्याच कागदावरची प्रत पुरते.