पनामा व्हिएहो : आग नेमकी कोणी लावली?

पनामा सिटीच्या काचेच्या टॉवरांपासून थोड्याच अंतरावर, समुद्राकाठी एका कॅथेड्रलचा दगडी मनोरा उभा आहे. भोवती पडक्या भिंती. हे पनामा व्हिएहो, म्हणजे जुने पनामा. हेन्री मॉर्गन या चाच्याने शहर जाळले, ही गोष्ट इथे येणारा प्रत्येक जण ऐकतो. ती अर्धीच खरी आहे.

१५ ऑगस्ट १५१९ रोजी पेद्रो आरियास दाव्हिलाने हे शहर वसवले. अमेरिका खंडांच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची युरोपीयांची ही पहिली टिकाऊ वसाहत. हा समुद्र स्पॅनिशांना दाखवणाऱ्या बाल्बोआचा शिरच्छेद त्याने त्याच वर्षी करवला होता. पुढे पिझारोच्या पेरूवरच्या मोहिमा इथूनच निघाल्या, आणि पेरू जिंकल्यावर या गावाचे नशीब फळफळले. पोतोसीची (आजच्या बोलिव्हियातल्या खाणींची) चांदी जहाजांनी इथे यायची, खेचरांच्या तांड्यांवरून संयोगभूमी, म्हणजे दोन समुद्रांमधली जमिनीची चिंचोळी पट्टी, ओलांडून कॅरिबियन किनाऱ्यावर जायची आणि तिथून स्पेनला.

थोडक्यात, पनामा हा मालधक्का होता. बंदर म्हणून तर जागा वाईटच. ओहोटीला समोर नुसता चिखल, मोठी जहाजे दूर पेरिको बेटापाशी नांगरायची. तटबंदी नव्हती. चाचे येणार ते कॅरिबियन समुद्रातून, तेव्हा किल्ले तिकडे. मधले जंगल हाच आपला तट, असा हिशेब.

त्या जंगलाचा भरवसा किती पोकळ आहे हे १५७३ मध्येच दिसले होते. गुलामीतून पळून रानात राहणाऱ्या आफ्रिकी सिमारोन लोकांच्या मदतीने इंग्रज चाचा फ्रान्सिस ड्रेकने कॅरिबियन किनाऱ्यावरच्या नोम्ब्रे दे दिओस बंदराजवळ चांदीचा तांडा लुटला. पुढे पोर्तोबेलोला नवे बंदर झाले, किल्ले झाले. १६६८ मध्ये मॉर्गनने तेही घेतले आणि १ लाख पेसो खंडणी वसूल केली.

जुलै १६७० मध्ये माद्रिद इथे इंग्लंड-स्पेनचा तह झाला. तरी जमैका या इंग्रज वसाहतीच्या गव्हर्नरचा परवाना खिशात घालून मॉर्गन निघालाच. जानेवारी १६७१ मध्ये चाग्रेस नदीच्या मुखावरचा सान लोरेन्झो किल्ला पडला आणि हजारावर माणसे नदीमार्गे आत शिरली. स्पॅनिशांनी वाटेवर दाणा ठेवला नव्हता. चाच्यांनी चामड्याच्या पिशव्या भिजवून, भाजून खाल्ल्या, असे त्यांच्यातल्याच एक्सकेमेलिन नावाच्या सर्जनने लिहून ठेवले आहे. (मॉर्गनने त्याच्या पुस्तकाच्या इंग्रजी प्रकाशकांवर बदनामीचा खटला भरला होता, हेही ध्यानात ठेवावे.)

२८ जानेवारीला शहराबाहेर लढाई झाली. गव्हर्नर हुआन पेरेझ दे गुझमानने शत्रूवर बैलांचा कळप सोडायचे ठरवले होते. बंदुकांच्या आवाजाने बैल बिथरले आणि डाव फसला. सैन्य मोडले. शहर पडले तर दारूगोळा उडवून द्यायचा, असा हुकूम गव्हर्नरने आधीच दिला होता. स्फोट झाले, आग लागली आणि बहुतांश लाकडी घरे जळून गेली. एक्सकेमेलिनने आगीचे खापर मॉर्गनवर फोडले. पण लुटायला आलेला माणूस लुटीआधीच घर कशाला जाळेल? मला तरी गव्हर्नरचा हुकूमच खरे कारण वाटते.

लूटही मनासारखी मिळाली नाही. बरीच संपत्ती आधीच जहाजांवर चढवून पळवली होती. चारेक आठवडे कैद्यांचा छळ करून मॉर्गन १७५ खेचरे आणि शेकडो कैद्यांसह परतला. वाटणीत हाती फारच थोडे पडल्याने त्याचीच माणसे त्याच्यावर उखडली. तहभंगाच्या बोभाट्यामुळे १६७२ मध्ये त्याला कैद करून लंडनला नेले. १६७४ मध्ये त्याच इंग्लिश दरबाराने त्याला ‘सर’ केले आणि जमैकाचा उपगव्हर्नर म्हणून परत पाठवले.

पनामा मात्र जागच्या जागी पुन्हा बांधले नाही. २१ जानेवारी १६७३ रोजी सुमारे ८ किलोमीटरवरच्या एका भूशिरावर नवे शहर वसवले, या खेपेला तटबंदीसह. तेच आजचे कास्को व्हिएहो. त्यासाठी जुन्या शहराचे दगड उपसून नेले. ला मर्सेद चर्चचा दर्शनी भाग तर एकेक दगड सुटा करून तिकडे पुन्हा रचला. मागे राहिलेले अवशेष २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. नव्या गावाचे नाव तिथे १९९७ पासूनच होते.