राज्य बदललं म्हणून आयुष्मान कार्ड रद्द होत नाही

‘गाव सुटलं की आयुष्मान कार्ड बाद, नव्या राज्यात नवं काढा’ हा समज 2018 साली योजना सुरू झाली तेव्हापासून फिरतोय. तो चुकीचा आहे. आयुष्मान कार्ड म्हणजे प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचं कार्ड. ते, योजना लागू असलेल्या कोणत्याही राज्यातल्या संलग्न (योजनेशी जोडलेल्या) रुग्णालयात चालतं. लातूरचा गवंडी सुरतेत पडला आणि पाय मोडला, तर ऑपरेशन तिथेच होऊ शकतं. पत्ता बदलून घेण्यासाठी आधी धावपळ करायची गरज नाही. रुग्णालयातल्या काउंटरवरच्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) कार्ड आणि आधार दाखवायचं, अंगठा लावून ओळख पटवायची.

घोळ होतो तो दुसरीकडेच. मोफत उपचारांसाठीचे वर्षाचे 5 लाख रुपये अख्ख्या कुटुंबाचे असतात. गावी आईच्या उपचारावर खर्च झालेले त्यातूनच वजा होतात. साध्या ताप-खोकल्याच्या ओपीडीला हे कार्ड नाही, भरती व्हावं लागतं. आणि राज्याच्या स्वतःच्या योजनेचं कार्ड असेल (बरेच जण इथेच फसतात), तर त्याचे नियम वेगळे. रुग्णालय संलग्न आहे का, हे निघण्याआधी योजनेच्या 14555 या हेल्पलाइनवर विचारून घ्या.