डेल्कोला चिकटलेली डबी: जुन्या गाड्यांच्या कंडेन्सरची पार्श्वभूमी

जुनी पेट्रोल गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी हा प्रसंग येतो. पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) नवे, प्लग नवे, कार्ब्युरेटर साफ केलेला. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. दहा-पंधरा किलोमीटर झाले, इंजिन चांगलं तापलं, की मिसिंग सुरू होतं आणि थोड्याच वेळात गाडी रस्त्याच्या कडेला लागते. अर्ध्या तासाने पुन्हा पहिल्यासारखी चालते. संशय आधी पेट्रोलवर जातो, मग पंपावर, मग कॉइलवर. माझ्या गाडीच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी बदलून झाल्या होत्या. दोष निघाला आठवड्यापूर्वी बसवलेल्या नव्या कोऱ्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे वीज क्षणभर साठवणाऱ्या छोट्या डबीत. काढून डब्यात टाकलेला जुना परत लावला आणि गाडी घरी आली.

नवा भाग दगा देतो आणि चाळीस-पन्नास वर्षांचा चालतो, हे असं कसं झालं? त्यासाठी बोटाच्या पेराएवढ्या या डबीचा मागचा प्रवास पाहावा लागतो.

कंडेन्सर मोटारगाडीपेक्षा जुना आहे. पॅरिसमध्ये यंत्रं बनवणाऱ्या हाइनरिख रुमकॉर्फ याने 1851 मध्ये आपल्या इंडक्शन कॉइलचं पेटंट घेतलं. बॅटरीचा प्रवाह एका कंप पावणाऱ्या संपर्काने तोडायचा आणि दुसऱ्या वेटोळ्यात विजेचा मोठा दाब (व्होल्टेज) मिळवायचा, अशी ती रचना. अडचण एकच होती. संपर्क सुटताना तिथेच ठिणगी पडायची आणि अर्धी शक्ती तिच्यातच जायची. 1853 मध्ये इपोलित फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने सुचवलं की त्या संपर्काला समांतर एक कंडेन्सर जोडा. कथिलाचा पातळ पत्रा आणि मध्ये तेल पाजलेलं रेशमी कापड, एवढंच त्याचं स्वरूप. कॉइलची ठिणगी एकदम लांब झाली. आज आपण डेल्कोवर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर, जो कंडेन्सर बसवतो तो तत्त्वाने तोच आहे.

गाडीत त्याचं काम असं चालतं. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून साधारण 3-4 अँपियर प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की तो प्रवाह थांबायला तयार नसतो. उघडत्या फटीतून उडी मारू पाहतो. कंडेन्सर त्याला तेवढ्या क्षणापुरती दुसरी जागा देतो. प्रवाह पटकन कोसळतो, क्षेत्र झपाट्याने मिटतं, आणि दुय्यम वेटोळ्यात 15-20 हजार व्होल्ट उभे राहतात. म्हणजे कंडेन्सर नुसता पॉइंट जळण्यापासून वाचवतो हा समज अपुरा आहे. तो उडाला तर प्लगवरची ठिणगीच पिवळट आणि मरतुकडी होते. गाडी 12 व्होल्टची म्हणून या डबीला 12 व्होल्ट सोसायचे असतात असंही नाही. पॉइंट उघडताच तिच्यावर 250 ते 300 व्होल्ट येतात. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर हे सेकंदाला 100 वेळा होतं, तेही इंजिनच्या धगीत.

पहिल्या पिढीच्या गाड्यांनी हे दोन वाटांनी सोडवलं. 1908 ते 1927 पर्यंत निघालेल्या फोर्ड मॉडेल टी मध्ये चार सिलिंडरसाठी चार कंप पावणाऱ्या कॉइल, प्रत्येक आपल्या लाकडी पेटीत, आणि प्रत्येकीत स्वतःचा मेणकागदी कंडेन्सर डांबरात बुडवलेला. रुमकॉर्फच्याच कॉइलचा हा थेट वंशज. आज मॉडेल टी जिवंत ठेवणारे लोक ती पेटी उघडून डांबर खरवडतात आणि आतला कंडेन्सर बदलतात, कारण मूळ कागद आता टिकलेला नसतो. दुसरी वाट मॅग्नेटोची, म्हणजे बॅटरीविना चुंबकाच्या जोरावर ठिणगी देणाऱ्या यंत्राची. बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड याने 1902 मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. त्या काळच्या मॅग्नेटोंत अभ्रकाचे कंडेन्सर असत. अभ्रकाला ना उष्णतेची भीती ना ओलाव्याची. आणि चांगलं पत्री अभ्रक जगाला मोठ्या प्रमाणात जायचं ते हजारीबाग-कोडर्म्याच्या पट्ट्यातून. युरोपातल्या कित्येक इंजिनांच्या ठिणगीमागे तिथल्या मजुरांनी सोललेले थर होते, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते.

पण अभ्रक महाग. गाड्या लाखांनी निघू लागल्यावर ते परवडणारं नव्हतं. अमेरिकेत डेटन गावी चार्ल्स केटरिंग याने 1909 मध्ये सुरू केलेल्या कंपनीने कॅडिलॅकच्या 1910 च्या गाड्यांना इग्निशन पुरवलं, आणि पुढे बॅटरी, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर आणि डिस्ट्रिब्युटर ही मांडणी जगभर रूढ झाली. त्या कंपनीच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं म्हणजे डेल्को. म्हणून आपल्या जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी आजही डिस्ट्रिब्युटर नसतो, ‘डेल्को’ असतो.

या मांडणीतला कंडेन्सर कागदाचा. मीटर-दोन मीटर लांबीच्या पातळ धातूच्या दोन पट्ट्या, मध्ये मेण किंवा तेल मुरवलेला क्राफ्ट कागद, सगळं गुंडाळून पत्र्याच्या डबीत. कागदाचा एकच थर कधी ठेवत नसत. कागदात सुईच्या टोकासारखी छिद्रं राहतात, दोन-तीन थर घेतले की ती एकमेकांवर येत नाहीत. एक पट्टी एका बाजूने बाहेर डोकावते, दुसरी दुसऱ्या बाजूने. एकीचा जोड डबीशी, दुसरीचा वायरशी. मग डबीचं तोंड रबर किंवा बेकेलाइट घालून दाबून बंद. यात कठीण काही नाही, पण तीन ठिकाणी कसूर चालत नाही: कागद पूर्ण कोरडा हवा, जोड पक्का हवा, तोंड घट्ट हवं. पॉइंटच्या गाड्या रोज हजारोंनी बनत होत्या तोवर कारखान्यांना ही शिस्त परवडत होती, कारण वाईट माल लगेच परत यायचा.

आपल्याकडे या काळाची शेवटची मोठी खूण म्हणजे कुर्ल्याची फियाट. प्रीमियरच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट आणि 1974 पासून पद्मिनी या नावाने ती 2000 सालाच्या आसपासपर्यंत निघाली, आणि काळीपिवळी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावर 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत राहिली. तिच्या डेल्कोवर कंडेन्सर बाहेरून एका स्क्रूने बसतो. वारा लागतो आणि बदलायला दोन मिनिटं. अँबॅसेडरच्या लुकास (ब्रिटिश कंपनी) पद्धतीच्या डेल्कोत तो झाकणाखाली, पॉइंटच्या शेजारी कोंडलेला. तिथे उष्णता जास्त, आणि त्याला अर्थ (बॉडीशी विजेचा जोड) मिळतो तो त्याच्या बारक्या स्क्रूमधूनच. तो स्क्रू सैल असला किंवा खाली गंज असला तर चांगला कंडेन्सरही मेल्यासारखा वागतो. नवा आणण्याआधी तेवढं घासून पाहावं.

उतार लागला तो सत्तरच्या दशकात. क्रायस्लरने 1973 पासून आपल्या गाड्यांत पॉइंटविना इग्निशन सरसकट दिलं, इतर कंपन्या मागोमाग गेल्या. कंडेन्सरची मागणी जुन्या गाड्यांपुरती उरली. आता नव्या डबीत कागद क्वचितच असतो. प्लास्टिकच्या फिल्मवर धातूची वाफ बसवलेला कंडेन्सर असतो. ही फिल्म मुळात वाईट नाही, उलट ओलाव्याला कागदापेक्षा चांगली. प्रश्न कोणती फिल्म आणि जोड कसा, हा आहे. गणित साधं आहे. 4 अँपियर प्रवाह 0.2 मायक्रोफॅरडच्या (हे कंडेन्सरची क्षमता मोजायचं माप) कंडेन्सरमध्ये शिरला तर दाब दर मायक्रोसेकंदाला 20 व्होल्टने चढतो. रेडिओसाठी बनवलेल्या साध्या कंडेन्सरचा धातूचा थर आणि कडेचा जोड हे झटके फार दिवस सोसत नाही. जोड हळूहळू सुटतो, गरम झाल्यावर उघडतो, थंड झाल्यावर पुन्हा टेकतो. रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभं राहण्याचं कोडं इथे सुटतं. काही डब्यांत तर आतला जोड नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर असतो.

मग जुन्या साठ्यातला, पिवळ्या खोक्यातला माल घ्यावा का? मी सरसकट हो म्हणणार नाही. न वापरलेला कागदी कंडेन्सरही चाळीस वर्षांत तोंडाच्या रबरातून ओलावा ओढतो, आणि कोकणपट्टीच्या पावसाळ्यात तो किती ओढेल ते सांगायला नको. खोक्यावरचं जुनं नाव आतला कागद कोरडा असल्याची हमी देत नाही.

निवड करायची ती तपासून. मल्टिमीटरवर मूल्य पाहा. बहुतेक 12 व्होल्टच्या चार सिलिंडर गाड्यांना 0.18 ते 0.25 मायक्रोफॅरड लागतं. मूल्य फार चुकलं तर एका पॉइंटवर धातूचा उंचवटा आणि दुसऱ्यावर खड्डा दिसू लागतो. पण मल्टिमीटर थोड्याच व्होल्टवर मोजतो, त्यामुळे त्याच्या ‘ठीक आहे’वर थांबू नका. इलेक्ट्रिशियनकडचा 500 व्होल्टचा मेगर (मोठ्या दाबावर गळती तपासणारं मीटर) लावा. काटा एकदा हलून अनंताजवळ स्थिरावला पाहिजे. मग हेअर ड्रायरने डबी हात लावणार नाही इतकी तापवा आणि पुन्हा तेच करा. गरम असताना काटा खाली घसरत आला, किंवा वायर हलवल्यावर मूल्य उडालं, तर तो कंडेन्सर नवा असो वा जुना, बाजूला ठेवा. मेगर काढल्यावर वायर डबीला टेकवून भार उतरवायला विसरू नका, झटका चांगलाच बसतो.

हल्ली अनेक जण वेगळी वाट धरतात आणि ती मला पटते. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ 0.22 मायक्रोफॅरड, 630 व्होल्टचा, जोरदार झटक्यांसाठी बनवलेला पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा कंडेन्सर मिळतो. विकत घेताना त्याच्या माहितीपत्रकात दर मायक्रोसेकंदाला किती व्होल्ट सोसतो ते बघा. 20 च्या कितीतरी वर हवं. त्याची उष्णतेची मर्यादा साधारण 105 अंश सेल्सिअस असते, म्हणून तो इंजिनला चिकटवू नका. कॉइलजवळ, आखूड वायरीने, पॉइंटकडे जाणाऱ्या टोकाला एक बाजू आणि बॉडीला दुसरी, असा बसवला की काम तेच होतं. मूळ डबी शोभेला जागेवर राहू द्या, फक्त तिची वायर सोडवून ठेवा.

आणि जो जुना कंडेन्सर गरम मेगरच्या परीक्षेत टिकला, तो कुणाच्याही सांगण्यावरून फेकू नका. जुने टॅक्सीवाले एक जादा कंडेन्सर डेल्कोजवळच स्क्रूने कसून ठेवत, वायर न जोडता. पहिला उडाला की एक नट सोडायचा, वायर दुसऱ्याला लावायची आणि गिऱ्हाईक खाली उतरायच्या आत गाडी पुढे.